खिडकी एक, खाती पाच: सगळं एकाच ठिकाणी देणारा विकेंद्रित क्रिप्टो प्लॅटफॉर्म वापरताना

डोंबिवलीच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "दोन वर्षं भारतीय एक्स्चेंजवर थोडाफार व्यवहार केला. आपले कॉइन दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायची आता धास्ती वाटते. स्वॅप, ब्रिज, फ्युचर्स, लिमिट ऑर्डर, कर्ज असं सगळं एकाच पडद्यावर देणारा एक विकेंद्रित प्लॅटफॉर्म पाहिला. 'शून्य फी' असं लिहिलंय. पन्नास हजार रुपये तिकडे न्यावेत असं मनात आहे. प्रत्यक्ष वापरायला कसं असतं, आणि माणूस फसतो तो नेमका कुठे?"

पडद्यापुरतं बोलायचं तर वापरायला सोपं आहे. एक्स्चेंजचं ॲप हाताळलेल्या माणसाचा अर्ध्या तासात हात बसतो. पण सरकारी 'एक खिडकी योजने'त खिडकी एकच असली तरी फाइल पाच खात्यांत फिरते, तसंच इथे आहे. तुम्ही 'स्वॅप' (एक टोकन देऊन दुसरं घेणं) दाबता तेव्हा मागणी एखाद्या ॲग्रीगेटरकडे, म्हणजे ठिकठिकाणचे भाव ताडणाऱ्या सेवेकडे, आणि तिथून वेगवेगळ्या लिक्विडिटी पूलांकडे, म्हणजे टोकनच्या सामायिक साठ्यांकडे जाते. 'ब्रिज' (एका साखळीवरून, म्हणजे ब्लॉकचेनवरून, दुसरीवर नेणं) दाबलं की तिसऱ्याच कुणाचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम, काम करतं. फ्युचर्सची ऑर्डर बुक (खरेदी-विक्रीच्या मागण्यांची यादी) आणखी वेगळ्या साखळीवर असू शकते. प्रत्येक खात्याची फी वेगळी, धोका वेगळा आणि बिघाडही वेगळा. पडदा या सगळ्याला एक रंग देतो, एवढंच. म्हणून प्लॅटफॉर्म चांगला की वाईट हे ठरवताना मी चार्ट किती देखणा आहे ते पाहत नाही. सही करायच्या, म्हणजे वॉलेटमधून व्यवहाराला मंजुरी द्यायच्या, क्षणी तो तुम्हाला किती सांगतो, ते पाहतो. तुमच्या हातात खरं नियंत्रण आहे ते फक्त त्या सहीचं.

सुरुवात वॉलेटपासून. असे बरेच प्लॅटफॉर्म हल्ली ईमेल टाकून दहा सेकंदांत वॉलेट उघडून देतात. सोय मोठी आहे, पण लगेच सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायव्हेट की एक्स्पोर्ट' हा पर्याय आहे का ते बघा. तो नसेल तर किल्ली, म्हणजे वॉलेट उघडणारा गुप्त संकेत, बहुधा त्यांच्याकडे आहे, आणि मग तुम्ही एका एक्स्चेंजमधून उठून दुसऱ्या, कमी ओळखीच्या एक्स्चेंजमध्ये जाऊन बसलात. टेलिग्रामवरच्या ट्रेडिंग बॉटच्या बाबतीतही हेच: किल्ली बनवतो तो बॉट, आणि ती राहते त्याच्या सर्व्हरवर. स्वतःचं वॉलेट बनवत असाल तर १२ किंवा २४ शब्दांची सीड फ्रेज (जिच्यावरून वॉलेट पुन्हा उभं करता येतं) कागदावर लिहा. तिचा फोटो काढू नका, स्वतःलाच व्हॉट्सॲप करू नका, गूगल ड्राइव्हवर ठेवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात साधा कागद कपाटातसुद्धा ओलावा धरतो आणि बॉलपेनची शाई पसरते. पेन्सिलने लिहून हवाबंद पिशवीत ठेवा. रक्कम वाढली की शब्द धातूच्या पट्टीवर कोरून घ्या, आणि दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवा.

'वन क्लिक ट्रेडिंग' नावाची सोय अनेक ठिकाणी असते. त्यात तुमच्या वतीने ऑर्डर टाकणारी एक दुय्यम किल्ली तयार होते. नीट बनवलेल्या प्लॅटफॉर्मवर ही किल्ली सौदे करू शकते, पण पैसे बाहेर काढू शकत नाही. तिची मुदत किती आणि तिला काय काय मुभा आहे, हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती सुरू करू नका.

आता पैसे आत नेणं. बरीच रक्कम हरवते ती या टप्प्यावर, आणि यावर बोललं जातं फारच कमी. विकेंद्रित प्लॅटफॉर्मला रुपये कळत नाहीत. रस्ता असा: बँकेतून फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवर, तिथे यूएसडीसी (एका डॉलरला बांधलेलं नाणं) किंवा ईथर (इथेरियम साखळीचं नाणं) घेणं, आणि तिथून आपल्या वॉलेटवर काढणं. टेलिग्रामवर कुणा अनोळखी माणसाला यूपीआयने पैसे देऊन कॉइन घेणं, किंवा त्याला विकून खात्यात पैसे घेणं टाळा. समोरच्याचे पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले तर सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचंच खातं गोठतं, आणि मग दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करण्यात महिने जातात.

एक्स्चेंजवरून काढताना नेटवर्क निवडावं लागतं. इथेरियम, आर्बिट्रम, बेस, पॉलिगॉन या सगळ्यांवर तुमचा पत्ता अक्षरशः एकच असतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पत्ता बरोबर असल्याने वॉलेट तक्रार करत नाही. नेटवर्क चुकलं तर पैसे तुमचेच राहतात, पण प्लॅटफॉर्म ज्या साखळीवर शोधतोय तिथे ते दिसत नाहीत. तिथून हलवायचे तर त्या दुसऱ्या साखळीवर गॅससाठी, म्हणजे व्यवहाराच्या शुल्कासाठी, तिचं नाणं लागतं, आणि ते तुमच्याकडे नसतं. उलट दिशेला धोका याहून मोठा आहे. वॉलेटमधून एक्स्चेंजच्या पत्त्यावर त्यांना न चालणाऱ्या नेटवर्कने पाठवलं, तर परत मिळणं सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर.

त्यात नावं सारखी असलेली टोकन आहेत. आर्बिट्रम आणि पॉलिगॉनवर दोन-दोन यूएसडीसी सापडतील: एक सर्कल कंपनीने थेट त्या साखळीवर काढलेलं, दुसरं पूर्वी इथेरियमवरून ब्रिज होऊन आलेलं, ज्याच्यापुढे बहुधा 'डॉट ई' लिहिलेलं असतं. दोघांचे कॉन्ट्रॅक्ट पत्ते वेगळे, पूल वेगळे. फ्युचर्सचं खातं बहुधा यातलं एकच स्वीकारतं. दुसरं पाठवलं की ते कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकून पडू शकतं. जमा करायची किमान रक्कमही वाचा. काही ठिकाणी तिच्याहून कमी पाठवलेली रक्कम जमाच होत नाही आणि परतही येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सातआठशे रुपयांचं गॅसचं नाणं, मग हजार रुपयांचं यूएसडीसी, ते पोचलेलं ब्लॉक एक्स्प्लोररवर (साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) स्वतः पाहणं, आणि मगच पुढचं. एक्स्चेंज दर वेळी ठरावीक विथड्रॉवल फी घेतं, त्यामुळे दोनदा पाठवणं महाग वाटतं. पण पन्नास हजारांचा रस्ता तपासण्याची ती किंमत आहे.

जाता जाता एक गोष्ट. सराव करायला लोक जुने व्हिडिओ पाहतात आणि त्यात 'मुंबई' नावाचं टेस्टनेट वापरा असं सांगितलेलं असतं. पॉलिगॉनने आपल्या चाचणी साखळीला आपल्या शहराचं नाव दिलं होतं, याचं अप्रूप मलाही आहे. पण ती साखळी एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. तिच्या जागी 'अमोय' आली, साखळी क्रमांक ८०००२. जुना क्रमांक ८०००१ आज कुणी वॉलेटमध्ये टाकायला सांगत असेल तर माहिती तरी शिळी आहे किंवा हेतू तरी खोटा आहे.

आता स्वॅप. इथे जरा थांबू, कारण 'शून्य फी'चं उत्तर इथेच आहे.

ऑर्डर बुकमध्ये समोर विकणारा असतो. पूलमध्ये समोर असतं एक सूत्र: दोन्ही बाजूंच्या साठ्यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. २०१८ मध्ये आलेल्या युनिस्वॅपने हेच सूत्र रुळवलं. समजा पूलमध्ये १०० ईथर आणि २,००,००० यूएसडीसी आहेत, म्हणजे भाव २,०००. तुम्ही २,००० यूएसडीसी देता. ०.३ टक्के पूल फी वजा जाता १,९९४ हिशेबात धरले जातात आणि हातात ०.९८७ ईथर येतं. एक ईथरच्या जागी सव्वा टक्का कमी: ०.३ टक्के फी, आणि उरलेला जवळपास एक टक्का तुमच्याच खरेदीने भाव वर सरकल्यामुळे. त्याच पूलमध्ये २०,००० यूएसडीसी टाकलेत तर १० ऐवजी ९.०७ ईथर मिळेल. नऊ टक्क्यांहून जास्त गेलं, आणि पडद्यावर फी मात्र तीच ०.३ टक्के. या भाव-सरकण्याला पडद्यावर 'प्राइस इम्पॅक्ट' म्हणतात. मोठ्या जोड्यांमध्ये तो नगण्य असतो, नव्या आणि छोट्या टोकनमध्ये भयंकर. ॲग्रीगेटर ऑर्डर चार पूलांत वाटून तो कमी करतो, आणि सगळं एकाच ठिकाणी असण्याचा खरा फायदा कुठे असेल तर तो इथे आहे.

'शून्य फी' म्हणजे बहुतेक वेळा प्लॅटफॉर्मने स्वतःची वेगळी फी लावलेली नाही, इतकंच. पूलची फी जातेच, गॅस जातोच. काही ठिकाणी भावातच फरक ठेवलेला असतो, काही ठिकाणी दाखवलेल्या भावापेक्षा चांगला भाव मिळाला तर वरचा फायदा प्लॅटफॉर्म ठेवून घेतो. तपासायची पद्धत साधी आहे. तीच जोडी, तीच रक्कम, त्याच मिनिटाला आणखी एका ॲग्रीगेटरवर टाका आणि 'किमान मिळणारी रक्कम' ताडून बघा. वरच्या ओळीतला भाव ताडू नका, तो जाहिरातीसारखा असतो.

किमान मिळणारी रक्कम स्लिपेजवरून, म्हणजे भाव किती बिघडलेला चालेल या तुम्ही घातलेल्या मर्यादेवरून ठरते. वरच्या उदाहरणात स्लिपेज ०.५ टक्के ठेवलं तर ०.९८२ ईथरच्या खाली आल्यास व्यवहार रद्द होईल. अनेकांचा व्यवहार एकदा फसला की ते स्लिपेज ५ टक्के, १० टक्के असं वाढवत नेतात. इथेरियमवर तुमचा व्यवहार ब्लॉकमध्ये जाण्याआधी सार्वजनिक रांगेत दिसतो. तुम्ही १० टक्के सोसायला तयार आहात हे पाहून एखादा बॉट तुमच्या आधी खरेदी करतो, तुम्हाला महाग घ्यायला लावतो आणि लगेच स्वतः विकून बाहेर पडतो. याला सँडविच म्हणतात. मार्च २०२५ मध्ये कुणीतरी सुमारे २.२ लाख डॉलरचं यूएसडीसी देऊन यूएसडीटी घ्यायला गेलं आणि हातात पाच हजारांच्या आसपास पडले. दोन्ही नाणी एकेका डॉलरची, भाव हलण्याचं काही कारणच नव्हतं. किमान रकमेची अट नीट असती तर तो व्यवहार नुसता रद्द झाला असता.

तेव्हा स्थिर नाण्यांच्या जोडीला ०.१ टक्का, मोठ्या जोड्यांना ०.३ ते ०.५ पुरे. त्याहून जास्त मागणारं टोकन बऱ्याचदा एक तर हस्तांतरावर स्वतःचा कर कापणारं असतं, किंवा विकूच न देणारं. दुसऱ्या प्रकारात खरेदी सुरळीत होते आणि विक्री मात्र प्रत्येक वेळी फसते. अनोळखी टोकन घेण्याआधी अगदी थोडं घेऊन लगेच विकून बघा. त्याने पूर्ण खात्री होत नाही, कारण विक्री नंतरही बंद करता येते, पण सरळसरळ सापळे निघून जातात. सेटिंगमध्ये 'मेव प्रोटेक्शन' (सँडविचसारख्या बॉटपासून बचाव) असेल तर चालू ठेवा. मग व्यवहार सार्वजनिक रांगेऐवजी खासगी वाटेने जातो.

गॅसचा हिशेब डोक्यात ठेवा. साधा स्वॅप गॅसची दीड लाखाच्या आसपास एककं खातो. एककाचा दर १ ग्वेई (ईथरचा अब्जावा भाग) असेल तर ०.०००१५ ईथर. ईथर २ लाख रुपये धरलं तर ३० रुपये. तोच दर गर्दीत ३० ग्वेईवर गेला की ९०० रुपये. तीन हजारांच्या सौद्यात हे बसत नाही, म्हणून छोट्या रकमेला आर्बिट्रम, बेससारख्या लेयर टू (इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या) साखळ्या बऱ्या. मार्च २०२४ मधल्या इथेरियमच्या डेंकन अपग्रेडनंतर तिथला खर्च फारच उतरला आहे. फसलेल्या व्यवहाराचाही गॅस जातो, हे मात्र नवख्यांना धक्कादायक वाटतं. साखळीने काम केलं, निकाल 'नाही' आला. मजुरी द्यावीच लागते.

आता परवानगी. पहिल्यांदा एखादं टोकन स्वॅप करताना दोन सह्या लागतात. पहिली 'अप्रूव्ह': या कॉन्ट्रॅक्टला माझ्या यूएसडीसीला हात लावू द्या. यूपीआय ऑटोपेचं मँडेट आठवा. फरक असा की तिथे रकमेची कमाल मर्यादा आणि मुदत लिहिलेली असते, आणि इथे बरेच प्लॅटफॉर्म गुपचूप 'अमर्याद' मागतात, मुदतीशिवाय. आज पाचशेचा स्वॅप केला, सहा महिन्यांनी वॉलेटमध्ये दोन लाख आले, आणि मधल्या काळात ते कॉन्ट्रॅक्ट फुटलं, तर ते दोन लाख त्या जुन्या सहीवर जाऊ शकतात. वॉलेटच्या खिडकीत 'कस्टम' निवडून हवी तेवढीच रक्कम टाका. महिन्यातून एकदा परवानग्यांची यादी काढून नको त्या रद्द करा. रद्द करायला गॅस लागतो, आणि साइटवरून 'डिस्कनेक्ट' केल्याने परवानगी रद्द होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

याहून निसटती गोष्ट म्हणजे गॅस न लागणारी सही. 'परमिट' पद्धतीत तुम्ही फक्त एक संदेश सही करता, साखळीवर काहीच दिसत नाही, आणि ती सही हातात असलेला माणूस नंतर तुमचं टोकन उचलतो. "गॅस नाही म्हणजे धोका नाही" हे समीकरण डोक्यातून काढून टाका. असा संदेश आला की त्यात चार गोष्टी शोधा: कुठलं टोकन, किती रक्कम, कुणाला म्हणजे 'स्पेंडर' कोण, आणि मुदत कधीपर्यंत. यातलं काही दिसतच नसेल, नुसती आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ असेल, तर सही करू नका. मे २०२५ मधल्या इथेरियमच्या पेक्ट्रा अपग्रेडपासून साध्या वॉलेटलाही आपला कारभार एखाद्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपवता येतो. त्यामुळे परवानगी आणि स्वॅप एका दमात होतात, ही चांगली सोय. पण अशी 'डेलिगेशन'ची विनंती वेबसाइटने केली आणि तुम्ही मान्य केली, तर एका सहीत सगळं वॉलेट जातं. ती विनंती फक्त आपल्या वॉलेट ॲपच्या आतून आली तरच विचारात घ्या.

साइट खरी असली तरी पुरत नाही, हेही सांगायला हवं. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजर डाओ या विकेंद्रित प्लॅटफॉर्मच्या खऱ्याच वेबसाइटमध्ये बाहेरून कोड घुसवला गेला. कॉन्ट्रॅक्टं ठणठणीत होती, पण पडदा वापरणाऱ्यांकडून भलत्याच परवानग्या मागत होता. सुमारे १२ कोटी डॉलर गेले. म्हणजे खिडकीवरचा माणूसच बदलला होता. पत्ता बुकमार्क करून ठेवा, गूगलच्या जाहिरातीतून कधीच शिरू नका, आणि वेबसाइट काय म्हणते यापेक्षा वॉलेट काय दाखवतं त्यावर विश्वास ठेवा. मोठी रक्कम वेगळ्या वॉलेटमध्ये, शक्य तर हार्डवेअर वॉलेटमध्ये. प्लॅटफॉर्मला जोडायचं वॉलेट म्हणजे लोकलमध्ये खिशात बाळगायचं पाकीट समजा, त्यात लागतील तेवढेच.

ब्रिजबद्दल थोडक्यात. दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत तुमचं टोकन इकडे कोंडलं जातं आणि तिकडे त्याची पावती छापली जाते. कोंडलेला साठा मोठा होत जातो आणि चोरांचं लक्ष त्यावरच असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल या ब्रिजमधून १,२०,००० ईथरएवढी रक्कम अशीच गेली. दुसऱ्या तऱ्हेत कुणी मध्यस्थ आपल्या पदरचं टोकन तुम्हाला तिकडे लगेच देतो आणि इकडचं तुमचं नंतर वसूल करतो. छोट्या रकमेला ही दुसरी जलद असते. यूएसडीसीसाठी सर्कलची जाळा-आणि-नव्याने-काढा अशी स्वतःची पद्धतही आहे, ती मिळत असेल तर घ्या. ऑप्टिमिस्टिक रोलअपवरून (हा लेयर टूचा एक प्रकार) त्यांच्या मूळ ब्रिजने इथेरियमवर यायला सहसा सात दिवस लागतात. प्लॅटफॉर्मने ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोक दुसऱ्या दिवशी पैसे बुडाले म्हणून हवालदिल होतात. 'पेंडिंग' दिसलं की आधी मूळ साखळीवरचा व्यवहार क्रमांक एक्स्प्लोररमध्ये टाका. तिथे यशस्वी असेल तर त्या ब्रिजच्या स्वतःच्या पानावर तोच क्रमांक शोधा; कधीकधी पलीकडे 'क्लेम' दाबणं तेवढं बाकी असतं.

फ्युचर्सचा विभाग पन्नास हजारांच्या पहिल्या प्रवासात उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी गणित सांगतो. दहा हजार मार्जिन (अनामत), दहा पट लेव्हरेज (उसनं बळ), म्हणजे एक लाखाची पोझिशन. किमान मार्जिन २.५ टक्के असेल तर भाव साडेसात टक्क्यांच्या आसपास उलटा गेला की पोझिशन आपोआप कापली जाते. दहा टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे असं समजून बसलेला माणूस इथे चकतो. क्रिप्टोत साडेसात टक्के ही एका रात्रीची गोष्ट आहे. दलाल स्ट्रीटची सवय असलेल्यांनी लक्षात घ्यावं की इथे साडेतीनला घंटा होत नाही आणि निर्देशांक पडला म्हणून बाजार थांबत नाही. पर्पेच्युअलला, म्हणजे इथल्या फ्युचर्सना, एक्स्पायरी नसते, तिच्या जागी फंडिंग असतं: खरेदी आणि विक्रीच्या बाजूंनी ठरावीक मुदतीने एकमेकांना द्यायची रक्कम. दर आठ तासांना ०.०१ टक्का म्हणजे लाखावर दिवसाला ३० रुपये. महिनाभर धरलं तर ९०० रुपये, म्हणजे तुमच्या मार्जिनच्या नऊ टक्के, भाव तसूभर न हलता. काही प्लॅटफॉर्म तासातासाला फंडिंग कापतात, म्हणून दर कुठल्या मुदतीचा आहे ते आधी पाहा. 'क्रॉस' ऐवजी 'आयसोलेटेड' मार्जिन ठेवा, नाहीतर एका चुकीच्या सौद्यात खात्यातली सगळी शिल्लक ओढली जाते. स्टॉपलॉस कुठल्या भावावर उडतो, मार्क (प्लॅटफॉर्मने हिशेबाला धरलेला भाव) की शेवटचा सौदा, हे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळं असतं. आणि स्टॉपलॉस उडाल्यावर ती बाजारभावाची ऑर्डर होते, त्या आकड्याची हमी नसते.

आपल्याकडची एक अगदी घरगुती अडचण: बरेच जण हे सगळं लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर करतात. मधेच कुठेतरी रेंज जाते. सही केलेला व्यवहार गेला की नाही कळत नाही, माणूस पुन्हा दाबतो, आणि रेंज आल्यावर दोन खरेद्या झालेल्या दिसतात. पडदा अडकला की पुन्हा दाबण्याआधी एक्स्प्लोररवर आपला पत्ता टाकून बघा. व्यवहार खरंच रांगेत अडकला असेल तर वॉलेटमधल्या 'स्पीड अप' किंवा 'कॅन्सल'ने त्याच नॉन्सवर जास्त गॅसचा व्यवहार पाठवता येतो. नॉन्स म्हणजे तुमच्या व्यवहारांचा अनुक्रमांक. आधीचा क्रमांक अडकला की पुढचे सगळे त्याच्यामागे थांबतात.

पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका. पहिली आणि शेवटची चार अक्षरं तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी असलेला पत्ता बनवून त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार तुमच्या यादीत पेरला जातो. मे २०२४ मध्ये असाच पत्ता कॉपी करून एकाने १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप) पाठवून दिले होते.

आणि कर. इथे हा अनुभव भारतीय माणसासाठी जगापेक्षा वेगळा होतो. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. खरेदी किमतीशिवाय दुसरा खर्च वजा होत नाही, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्यातल्या नफ्यातून वळता होत नाही. ईथर देऊन दुसरं टोकन घेतलं तरी ती ईथरची विक्रीच. म्हणजे वर्षात एका सौद्यात १०,००० कमावले, दुसऱ्यात ८,००० गमावले, तर खिशात २,००० आले आणि कर ३,१२०. पडद्यावर हे कुठेच दिसत नाही. प्लॅटफॉर्मच्या 'नफा-तोटा' रकान्यात तुम्ही फायद्यात असता. स्वॅप इतका सोपा असल्यामुळेच माणूस दिवसाला दहा करतो आणि मार्चमध्ये हिशेब जुळत नाही.

१ जुलै २०२२ पासूनचा एक टक्का टीडीएस भारतीय एक्स्चेंज तुमच्या वतीने कापतं. विकेंद्रित जागी ते करणारं कुणी नाही. कायद्याने जबाबदारी खरेदीदाराची, आणि क्रिप्टोच्या बदल्यात क्रिप्टो असेल तर दोन्ही बाजू खरेदीदार ठरतात. समोर पूल असताना हे कसं पाळायचं, हे क्रिप्टो हाताळणाऱ्या सीएशी पहिल्या सौद्याआधी बोला. ब्रोकर संध्याकाळी काँट्रॅक्ट नोट पाठवतो तशी इथे येत नाही. स्वतःची वही ठेवा: तारीख आणि वेळ, साखळी, काय दिलं, काय मिळालं, त्या वेळचा रुपयातला भाव, गॅस, व्यवहार क्रमांक. रोज पाच मिनिटं लागतात. साठवून ठेवलं तर दोन रविवार जातात, आणि प्लॅटफॉर्म मधेच बंद पडला तर त्याचा इतिहासही त्याच्याबरोबर जातो. ब्लॉक एक्स्प्लोररवरची सीएसव्ही दर महिन्याला उतरवून घ्या.

काही बिघडलं की 'सपोर्ट' शोधू नका. टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर प्रश्न टाकल्याबरोबर जो आपणहून खासगी संदेश पाठवतो तो चोर असतो, अपवाद नाही. सीड फ्रेज मागणारा, 'वॉलेट व्हॅलिडेट करा' म्हणणारा, अडकलेले पैसे सोडवायला आधी थोडे भरा म्हणणारा, तिघेही एकाच जातकुळीचे. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर फोन करा आणि व्यवहार क्रमांकांसह राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. चोर भारतीय बँक खात्यातून किंवा एक्स्चेंजमधून पैसे फिरवत असेल तर तेवढाच अवधी असतो.

आता तुमचे पन्नास हजार. पहिल्या फेरीला पाच हजारच न्या. आत आणा, एक स्वॅप करा, दुसऱ्या साखळीवर पाठवा, परत आणा, भारतीय एक्स्चेंजवर विका आणि रुपये बँकेत आलेले पाहा. काही एक्स्चेंज बाहेरच्या वॉलेटमधून आलेल्या जमेवर स्रोत विचारतात. ते पहिल्यांदा पाच हजारांवर कळलेलं बरं. या फेरीत किती रुपये गळले ते वहीत लिहा: विथड्रॉवल फी, गॅस, पूल फी, ब्रिज, टीडीएस. टीडीएस विवरणपत्रात जमा धरता येतो, बाकीचे गेले. मग एकदा थोडी रक्कम तिथे जमा ठेवून, प्लॅटफॉर्मची वेबसाइट बंद करून, नुसत्या ब्लॉक एक्स्प्लोररवरून कॉन्ट्रॅक्टमधली आपली शिल्लक दिसते का आणि 'विथड्रॉ' करता येतं का तेही करून बघा. कॉन्ट्रॅक्टचा कोड तिथे पडताळलेला नसेल, किंवा त्यांच्या साइटशिवाय पैसे निघतच नसतील, तर उरलेले पंचेचाळीस हजार आहेत तिथेच राहू द्या.